उजव्या कानातलं स्वयंपाकघर

हरिहरेश्वरला जाणारी माणसं आमच्याकडं खोली बघायला येतात. ती आधी संडास बघतात, मग पंखा लावून बघतात, मग मासे मिळतील का विचारतात. हा आला तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं एक टाळी वाजवली. मग मान वाकडी करून गप उभा. मग कोपऱ्यात गेला, तिथं एक टाळी. मी दारात चावी घेऊन उभा. म्हटलं, ह्याच्या अंगात बिंगात येतं की काय.

"काय झालं?"

"खोली घुमते, काका."

"आमची खोली न्हाय घुमत. नवा स्लॅब हाय."

"दोन गोधड्या मिळतील?"

मे महिना चालू होता. अंगातला सदरा पिळून वाळत घालावा असा उकाडा. मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन दोन गोधड्या आणल्या. त्यानं त्या पांघरल्या नाहीत. भिंतीला टांगल्या. परत टाळी वाजवली आणि तेव्हा कुठं हसला.

दोन दिवसांसाठी आला होता. तीन वर्षांच्या वर राहिला.

गावात त्याला टाळीवाला म्हणत. वय चाळिशीच्या आत, लग्न नाही, शहरातला. कसल्या तरी कंपनीचं काम खोलीत बसूनच करायचा. काम काय ते मला त्यानं चार वेळा सांगितलं आणि मला चारही वेळा कळलं नाही. त्याचं बरंचसं मला आजही कळलेलं नाही. तरी लिहितो. कारण माझी बायको गेल्यावर तिच्याबद्दल मला जे ठाऊक नव्हतं ते त्याच्याकडं निघालं. नवरा मी, आणि ठाऊक भाडेकरूला. हे कसं झालं ते लिहून तरी उलगडतं का बघतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं तीस वर्षं खाडीतल्या लाँचीवर इंजिन सांभाळलं. इंजिन माझ्या उजव्या हाताला असायचं, म्हणून उजवा कान पार गेला. डावा निम्मा राहिला. आपलं आपल्याला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडून बोलतो. मला ते ओरडणं वाटत नाही, लोकांना वाटतं. बायको सारखी म्हणायची, "आवो, मी हिथंच हाय, पलीकडच्या धक्क्यावर न्हाय."

तर असा मी, आणि मला भाडेकरू मिळाला तो आवाजाचं वेड लागलेला.

त्याच्या टेबलावर एक करडी पेटी होती. पोळपाटाच्या निम्मी. तोंडाला दोन छोटी बटणं, एक मोठं, आणि छोट्या बटणांच्या डोक्यावर एकेक बारका दिवा. तो तिला ऑडिओ इंटरफेस म्हणायचा, आम्ही पेटी म्हणायचो. मला वाटलं गाणंबिणं करत असेल. तर नाही. गात नव्हता, वाजवत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "रोजचंच ऐकायला." बातम्या त्या पेटीतून. मोबाइलवर आलेलं भजन त्या पेटीतून. कंपनीतला साहेब झापायचा तोही त्या पेटीतून. म्हणायचा, "कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज घाण असतो, काका. मुंगी चालल्यासारखी खरखर असते मागे."

"साहेब झापतोय, त्यात मुंगी कशाला ऐकतोस?"

"एकदा ऐकू आली की मग फक्त मुंगीच ऐकू येते."



त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. कुठं काही करकरलं, कुत्रं भुंकलं, शेजाऱ्यानं मिक्सर लावला, की म्हणायचा, "आवाज वाईट नसतो काका, तो चुकीच्या जागी असतो." बायकोला हे फार आवडलं. मी बोलायला लागलो की ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "ह्यांची जागा कुठली ते शोध रे बाबा."

एकदा त्या पेटीत गूं असा आवाज यायला लागला. दोन दिवस तो जेवला नाही धड. तारा बदलल्या, पेटी उलटी केली, खुर्चीवर चढून बसला. मला तर तो आवाज ऐकूच येत नव्हता. पण इंजिनात आवाज आला तर काय करायचं ते मला माहीत. एकेक गोष्ट बंद करत जायचं. मी त्याला उठवलं आणि खोलीतली एकेक पिन काढायला लावली. पंखा काढला, गूं आहे. दिवा काढला, गूं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढला, त्याचं तोंड उघडंच राहिलं. "गेला!" म्हणाला. चार्जर दोन पिनांचा होता, त्याला अर्थिंग नव्हतं. तीन पिनांचा आणला आणि गूं संपलं. बहिऱ्या माणसानं आवाजाचा रोग काढला म्हणून तो आठवडाभर मला उस्ताद म्हणत होता.

गेम खेळायचा तो वेगळाच प्रकार. संध्याकाळी काम संपलं की मोठे हेडफोन चढवायचा आणि बंदुकीचा गेम लावायचा. त्याचे सोबती कुठल्या कुठल्या गावांत बसलेले, हा त्यांच्याशी माईकमधून बोलायचा. आम्हाला आधी हे माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला बायको घामाघूम होऊन माझ्याकडं आली. "आवो, चला, चोर शिरलाय."

मी कोयता घेऊन त्याच्या दाराशी गेलो आणि डावा कान दाराला लावला. आतून तो दबक्या आवाजात बोलत होता. "जिन्यावर आहे. एकटाच आहे. आता खाली येतोय. मागून जा, मागून."

आमच्या घराला जिनाच नाही. पण ते त्या वेळी कुणाला सुचतंय? मी मागून गेलो. मागं पेरूचं झाड आणि कोंबड्यांचा खुराडा. अंधारात खुराड्यावर आपटलो आणि सगळ्या कोंबड्या बोंबलत उठल्या. खिडकीतून बघतो तर हा कानाला हेडफोन लावून मजेत बसलेला. शेजारी कोंबड्या किंचाळतायत, मालक कोयता घेऊन पडलाय, ह्याला पत्ता नाही. नंतर मला समजावत होता, की म्हणे ह्या पेटीमुळं पाऊल डावीकडं वाजलं की उजवीकडं ते बरोबर कळतं.

मी म्हटलं, "जी माणसं न्हाईतच त्यांची पावलं तुला कळतात. मी खुराड्यात पडलो ते न्हाय कळलं."

"तुम्ही गेममध्ये नव्हता ना, काका."

खरंच होतं त्याचं. पण हे डोकं कुठलं?

जेवण तो आमच्यातच जेवायचा. रविवारी दुपारी आणि सुट्टीला गेम तासन्‌तास चालायचा आणि तेव्हा पंचाईत व्हायची. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाका मारून दमायची. मग त्याच्या भिंतीवर पळीनं ठोकायची. बोंबील थंड होऊन चामड्यासारखे व्हायचे. एक दिवस ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "पोरा, तुला त्या दुसऱ्यांची पावलं ऐकू येतात, माझी हाक येत न्हाय. तुझी पेटी कसली रे?"

त्याला हे लागलं. पेटीला माईकची दोन भोकं होती, एकात त्याचा माईक, दुसरं रिकामं. त्यानं दुसरा माईक मागवला, स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून शिंकाळ्यासारखा टांगला आणि त्याची तार भिंतीवरून आपल्या पेटीत नेली. पेटीवर एक चपटं बटण होतं. ते दाबलं की माईकमधला आवाज कॉम्प्युटरच्या वाटेला न जाता थेट कानात. त्याचा स्वतःचा माईक डाव्या कानात, स्वयंपाकघराचा उजव्या. दोन्ही कानांत सारखं करता येतं म्हणे, पण त्यानं केलं नाही. "काकी उजव्या कानात असतात," असं तो कुणालाही सांगायचा. ऐकणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे.

ह्याचा परिणाम असा की उजवीकडं फोडणी चर्र झाली की हा गेममध्ये उजवीकडं गोळ्या झाडायचा. आणि डावीकडून येऊन कुणीतरी ह्याला मारायचं. बाहेर येऊन म्हणायचा, "काकी, मोहरीनं मेलो आज." ती पदर तोंडाला लावून हसायची.

मला मात्र हे पटलं नव्हतं. मी भांडलो. "आमच्या घरात माईक? तू आमचं बोलणं ऐकतोस?"

तो बावरला. म्हणाला, "काढतो."

बायको मधे पडली. "तार माझ्या स्वयंपाकघरात हाय, तुमच्या न्हाय. ऱ्हाऊ दे."

राहिला. पण मी आत जाऊन बोललो की पेटीवरचा दिवा लाल व्हायचा आणि ह्याच्या कानठळ्या बसायच्या. बायको बोलली की दिवा हिरवा. मी बोललो की लाल. म्हणून त्यानं त्या माईकचं छोटं बटण फिरवून आवाज खाली आणला. तेव्हा माझं बोलणं नीट जाऊ लागलं आणि तिची हाक जाईना. दोन जेवणं थंड झाली. तेव्हा ती उठली, त्याच्या खोलीत गेली, बटण परत आपल्या आवाजाला वर लावायला लावलं, आणि कपाळाची टिकली काढून बटणाच्या त्या खुणेला पेटीवर चिकटवली. "ह्याच्या खाली आणायचं न्हाय."

"आणि काका बोलले तर?"

"ते बोलले तर कान काढून ठेव. मी तेच करते."

हे सगळं मी गमतीनं सांगायचो लोकांना. गमतच होती तेव्हा.

पुढं ती गेली. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी नाही. एवढंच लिहितो, त्यात लिहिण्यासारखं मला काही सापडत नाही. त्या दिवसांत माझं डोकं असं झालं होतं, की वार कळत नव्हता. शेजारणी डबे आणून ठेवायच्या, ते कोण आणतं कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र डोक्यात खिळ्यासारखी बसली. मला तिचा आवाज आठवेना. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज नाही. अर्ध्या कानानं ऐकलेला आवाज, तो आठवणार कसा? मोबाइलात तिचे फोटो होते. बोलणं एकही नव्हतं, ती फोनवर "व्हय, ठेवते" एवढंच बोलायची.

तेराव्याचे पाहुणे गेले आणि मला ती पेटी आठवली.

मी त्याच्या खोलीत शिरलो, दार न वाजवता. तो गेम खेळत नव्हता. नुसता बसला होता.

"पेटी उघड," मी म्हटलं.

"काय, काका?"

"तीन वर्षं ती हिच्यात बोलली. काढ बाहेर. सगळं नको. 'जेवाया ये रे' एवढं काढ."

तो खुर्ची माझ्या डाव्या कानाकडं सरकवून बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, हिच्यात काही राहत नाही."

"आत जातं ते मी बघितलंय. दिवा लागायचा."

"लागायचा. पण लाँचीचं इंजिन थंड करायला खाडीचं पाणी आत घेता ना तुम्ही? ते फिरतं आणि बाहेर पडतं. पाईपात साठतं का?"

त्यानं माझ्याच कामातलं सांगितलं, म्हणून मला लगेच कळलं. आणि कळलं म्हणून जास्त राग आला. मी त्याला काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. नालायक म्हणालो. आमच्या घरचं खाऊन एवढंही ठेवता आलं नाही म्हणालो. "कॉम्प्युटरात साठवता येतं की न्हाय? खरं सांग."

"येतं."

"मंग तीन वर्षांत एकदाबी तुझं बोट त्या बटणावर गेलं न्हाय?"

"गेलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच महिन्यात. मी काकींना विचारलं. त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, साठवायला लागलास तर मला नवी साडी नेसून बोलावं लागंल. तू नुसतं ऐक आणि वेळेवर जेवाया ये."

हे ती बोलली असणार. हे बोलणं तिचंच. मी त्याच्या पलंगावर बसलो. आवाज नव्हता पण शब्द तिचे होते, आणि ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला एकदम सुचलं, की पेटीत राहिलं नसेल, ह्याच्यात राहिलं असेल.

"तू ऐकलंस ना? मंग तू सांग. काय बोलायची ती?"

तो फार लाजरा माणूस. माणसाकडं बघून त्याला बोलता येत नसे. तो पेटीकडं बघून बोलायला लागला. "बरंच बोलायच्या. मांजरीशी. गॅसशी, तो लवकर पेटायचा नाही म्हणून. तुमच्याशी."

"माझ्याशी? तू तर कान काढून ठेवायचास."

"तुम्ही आत असलात की काढायचो. पण तुम्ही बाहेर गेलात की त्या तुमच्याशी बोलायच्या."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मी घरात नसताना माझ्याशी?

"म्हणजे तुम्ही सकाळी काही बोलून गेला असलात, तर त्याचं उत्तर द्यायच्या. तुमच्यासमोर देऊन काय उपयोग, दोनदा सांगावं लागतं म्हणायच्या. भांडायच्या. मग आपणच हसायच्या." तो थांबला. "आणि एक होतं. सुट्टी असली की मी हमखास ऐकायचो. दुपारी, तुम्ही धक्क्यावरून यायच्या वेळेला."

"काय?"

"त्या म्हणायच्या, आलं गो बाय इंजिन."

"कोण इंजिन?"

"तुम्ही, काका. वळणावर तुम्ही कुणाशी तरी बोलत यायचात. माईकमध्ये ते येत नसे, पण त्यांना ऐकू यायचं. आलं गो बाय इंजिन म्हणायच्या आणि लगेच तवा. मासा टाकल्याचा चर्र. मग थोड्या वेळानं तुमचं फाटक."

हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही. पण लग्न झाल्यापासून मी दुपारी पाटावर बसलो की तव्यावरचा मासा थेट ताटात यायचा. कधी आधी नाही, कधी नंतर नाही. लाँच उशिरा लागली तरी. धक्क्यावर गप्पांत तास गेला तरी. नोकरी सुटल्यावरही सवयीनं जायचो धक्क्यावर, तरीही तेच. मी लोकांना छाती काढून सांगायचो, माझ्यावर घड्याळ लावा, माझी वेळ पक्की. माझी वेळ कधीच पक्की नव्हती. ती वळणावरचा माझा आवाज ऐकत होती. घरात "हळू बोला, हळू बोला" म्हणायची, पण बाहेर हळू बोलत जा असं तिनं आयुष्यात एकदाही म्हटलं नाही. हे मला त्या पलंगावर बसून कळलं.

मी त्याला म्हटलं, "परत सांग." त्यानं परत सांगितलं. तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला नाही त्यानं, ते एक बरं केलं.

त्यानंतर तो चारेक महिने होता. आम्ही दोघं मिळून काहीतरी शिजवायचो. भात कच्चा, नाही तर खिमट. मग कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. जायच्या दिवशी त्यानं गोधड्या काढल्या, झटकल्या, घड्या घातल्या. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवली, सवयीनं. मग पेटी माझ्यापुढं ठेवली.

"ही ठेवा."

"मी काय गेम खेळू?"

"ही तिकडं नेली तर कधीतरी हे बटण फिरवावं लागेल," तो टिकलीकडं बोट करून म्हणाला. "आणि मी ते फिरवणार नाही."

त्यानं दाखवलं. कॉम्प्युटर लागत नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालते. चपटं बटण दाबायचं. मी हेडफोन घातले, मला काही ऐकू येईना. पेटी बिघडली म्हणालो. त्यानं हळूच हेडफोन काढले, फिरवले आणि उलटे चढवले. काकी उजव्या कानात यायच्या आणि माझा उजवा मेलेला. आता उजवीकडचं डाव्यात येऊ लागलं. ह्या माणसाला जगातलं काही कळत नव्हतं, पण कुणाचा कान कुठला ते कळायचं.

तो गेला. पेटी मी त्याच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवली. माईक खिडकीत आहे तसाच आहे. बरेच दिवस हात लावला नाही. काय ऐकणार?

परवा दुपारी धक्क्यावरून आलो. वळणावर कुणी भेटलं नाही, म्हणून बोललो नाही. आत गेलो, पेटी लावली, हेडफोन उलटे घातले आणि तिच्या पाटावर बसलो. नळाचा थेंब भांड्यात पडत होता. मांजर दाराला नखं घासत होती. खिडकीची कडी वाऱ्यानं बारीक वाजत होती. इथं एवढे आवाज असतात हे मला माहीत नव्हतं. ती रोज ह्यात असायची. आणि ह्या सगळ्याच्या खाली काहीतरी घरघरत होतं. जड, थांबून थांबून. सवयीप्रमाणं शोधायला लागलो. फ्रिजला तळवा लावला, फ्रिज गप होता. गॅस बंद. भिंतीला हात लावला. मग श्वास रोखला, आणि घरघर थांबली.

मीच होतो.

मी माईककडं तोंड केलं आणि म्हटलं, "आलं गो बाय इंजिन."

दिव्याकडं बघत होतो, आता लाल होणार म्हणून. हिरवाच राहिला.

मग उठून तवा ठेवला.